रो-हाऊसच्या गॅरेजमध्ये बाबांच्या पेटीकामासाठी एसी घ्यायचाय, एक टन की दोन? आणि शटरचं काय करू?

पेटीवाल्याची_लेक (नेरूळ)

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट मिळतात म्हणून सगळंच सांगते.

आमचं नेरूळला सिडकोचं जुनं रो-हाऊस आहे. पुढे गॅरेज आणि त्याला पत्र्याचं रोलिंग शटर. गाडी आम्ही तिथे कधी लावलीच नाही, ती बाहेर रस्त्यावर असते. आत माझी स्कूटर एका कोपऱ्यात आणि बाकी सगळी जागा बाबांची. बाबा रिटायर झाल्यापासून पेट्या दुरुस्त करतात, म्हणजे हार्मोनियम. भाता बदलणं, रीड साफ करून सूर लावणं, अडकलेल्या पट्ट्या मोकळ्या करणं, वरून लाखेचं पॉलिश, सगळं तिथेच खाली बसून चालतं. भजनी मंडळांच्या पेट्या येतात, क्लासच्या येतात, गणपतीच्या आधी तर रांग लागते.

शटर पश्चिमेला आहे. दुपारी दोननंतर ऊन सरळ शटरवर येतं आणि सहापर्यंत हटत नाही. चार वाजता आतून पत्र्याला हात टेकवून बघितला, दोन सेकंदांत काढून घ्यावा लागला. वरती खोली नाही, उघडी गच्ची आहे, त्यामुळे डोक्यावरूनही भाजतं. बाबांना सांगितलं की सकाळी काम करा, पण सकाळी समोरच्या प्लॉटवर बांधकाम चालू असतं, ड्रिल आणि मिक्सरच्या आवाजात सूर लावता येत नाही. दुपारी ते कामगार जेवून जरा आडवे होतात, तेव्हा कुठे शांतता मिळते.

गेल्या मंगळवारी मी ताक घेऊन खाली गेले तर बाबा भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेले, कानस हातातून खाली पडलेली, शर्ट पाठीला चिकटलेला. चक्कर आली होती आणि हाक मारायचंही त्राण नव्हतं. डॉक्टरांनी उन्हाचा त्रास म्हणून सांगितलं, सलाईन वगैरे लागलं नाही, पण बाबा ७१ वर्षांचे आहेत आणि मी त्या दिवसापासून ऑफिसात बसून दर तासाला फोन करतेय. काम बंद करा म्हणणं मला जमणार नाही. ते काम म्हणजेच बाबा आहेत.

मापं सांगते. ११ बाय १७ फूट, उंची साडेनऊ. शटर ९ फूट रुंद, ८ फूट उंच. डावी भिंत शेजाऱ्यांशी कॉमन, उजवीकडे पॅसेज आणि छोटी खिडकी, मागे घरात जायचं दार. एका दुकानात म्हणाले गॅरेज आहे म्हणजे २ टनच लागेल, दुसरीकडे म्हणाले पोर्टेबल घ्या, फोडाफोड नको. मागच्या वर्षी कूलर आणला होता, तो आठ दिवसांत बंद केला, सगळं गॅरेज दमट झालं आणि दुरुस्त करून ठेवलेल्या दोन पेट्यांच्या पट्ट्या फुगून पुन्हा अडकल्या.

बजेट फिटिंग धरून ४५ हजारांपर्यंत. आवाज कमीत कमी हवा, कारण सूर लावताना बाबा पंखासुद्धा बंद करतात. काय घेऊ?

---

खाडीकाठ (वाशी)

आधी बाबांची काळजी घ्या. एसी येईपर्यंत दुपारी दोन ते पाच तिथे बसू देऊ नका, घरातल्या खोलीत चटई टाकून द्या, पेटी उचलून आणता येते.

आता गॅरेजचं. ताई, तुम्ही एसी किती टनाचा विचारताय, पण खरं दुखणं शटर आणि गच्ची आहे. ढोबळ हिशोब मांडतो, मेकॅनिकलचा माणूस आहे म्हणून सवय आहे. एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीच्या स्लॅबमधून आत येणारी उष्णता दीड किलोवॉटच्या आसपास पकडा. शटर ७२ चौरस फूट, थेट ऊन, पत्र्याला जाडी काहीच नाही, तिथून साधारण एक किलोवॉट. बाकीच्या भिंती मिळून अर्धा, फटींतून शिरणारी गरम दमट हवा पाऊण, माणूस आणि दिवे मिळून पाव. झाले चार किलोवॉट. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट, म्हणजे आहे त्या स्थितीत एक टन कमी पडतो आणि दीड टन पुरतो. दोन टनाची गरज आहे तशीही नाही.

पण गच्ची पांढरी केली आणि शटरला सावली दिली तर हेच चार किलोवॉट सव्वादोन-अडीचवर येतात. मग एक टन आरामात ओढतो, आवाज कमी, बिल कमी, आणि मुख्य म्हणजे लाईट गेली तरी बाबा लगेच भाजून निघत नाहीत. दोन टनाचा एसी लावून तापलेला पत्रा गार करत बसणं म्हणजे गळक्या बादलीत नळ मोठा सोडण्यासारखं आहे.

शटरला सावली बाहेरून द्या. हे लोक उलटं करतात, आतून पडदा लावतात. ऊन एकदा पत्र्यावर पडलं की पत्रा तापणारच आणि ती उष्णता आत निम्मी-अर्धी येणारच. बाहेरून बांबूची चिक किंवा नर्सरीत वापरतात ती हिरवी शेडनेट, शटरपासून वीतभर पुढे, म्हणजे मधून वारा जाईल. गच्चीवर स्वस्तात करायचं तर चुन्यात थोडं फेविकॉल घालून दोन हात मारा, पावसाळ्यात धुपेल पण आत्ताचा उन्हाळा निभावेल. टिकाऊ हवं तर पांढरा चायना मोझॅक किंवा उन्हासाठी मिळणारा पांढरा रंग.

एक छोटं डिजिटल थर्मामीटर आणा, तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं. आजपासून चार दिवस दुपारी चारचे आकडे लिहून ठेवा. त्याशिवाय कुठल्याच दुकानदाराचं ऐकू नका.

---

घोडबंदर_ताई (ठाणे)

पोर्टेबल घेऊ नकोस ग. आमच्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये मी दहावीची ट्यूशन घेते, तीन वर्षांपूर्वी असाच पोर्टेबल घेतला होता, चाकं आहेत, कुठेही नेता येतो, असं वाटून. एक पाईप शटरखालून बाहेर काढायचा. होतं काय की तो खोलीतलीच हवा ओढून गरम करून बाहेर फेकतो, मग तेवढी हवा कुठून तरी आत यायलाच हवी, ती शटरच्या फटींतून बाहेरची गरम हवा येते. म्हणजे समोर बसलेल्या दोन मुलांना गार आणि मागच्या बाकावर घाम. शिवाय तो पाईप स्वतः तापतो, मी त्याला जुनी गोधडी गुंडाळली होती. आणि कॉम्प्रेसर खोलीतच असतो, त्यामुळे आवाज इतका की मला गणित ओरडून शिकवायला लागायचं. तुझ्या बाबांना तर सूर ऐकायचेत. शेवटी तो विकला आणि स्प्लिट बसवला.

विंडो एसी स्वस्त पडतो पण आवाजाच्या बाबतीत तोही तसाच, आणि पॅसेजच्या छोट्या खिडकीत बसवलास तर गरम हवा पॅसेजमध्ये कोंडेल.

बाबांना माझा नमस्कार सांग. आमच्या सासूबाईंची पेटी आहे माळ्यावर, भाता फाटलाय, कधी आणू ते कळव.

---

थंडगार_ऐरोली

मी एसीचं काम करतो, १९ वर्षं झाली, ऐरोली ते बेलापूर सगळीकडे जातो त्यामुळे रो-हाऊसचे गॅरेज बरेच केलेत. वरच्या दादांनी शटरचं सांगितलं ते एकदम बरोबर. माझा अनुभव असा की गॅरेजवाले दहापैकी सात कस्टमर कूलिंग नाही म्हणून फोन करतात आणि जाऊन बघावं तर मशीन चांगलं असतं, वरती शटर गुंडाळतं त्या खोक्याच्या बाजूला हात जाईल एवढी फट असते आणि सगळी गार हवा खालून आणि गरम हवा वरून अशी ये-जा चालू असते. शटरच्या पट्ट्यांमधूनही उजेड दिसतो, जिथून उजेड येतो तिथून हवा येते. दुपारी आतला दिवा बंद करून उभं राहा, सगळ्या फटी दिसतील.

स्प्लिट घ्या, इन्व्हर्टर घ्या. मी असतो तर दीड टन सांगितला असता कारण उद्या शेडनेट फाटली, चुना धुपला तरी मशीन कमी पडत नाही, इन्व्हर्टर असल्यामुळे गरज नसेल तेव्हा हळू चालतो. पण नीट सावली होणार असेल तर एक टनला माझी ना नाही.

फिटिंगचं लक्ष देऊन वाचा कारण एसी बिघडतो तो फिटिंगमध्ये. पाईप तांब्याचाच आणि जाड घ्या, जुना वापरलेला नको. माणूस आला की विचारा व्हॅक्यूम पंप आणलाय का. पंप लावून कमीत कमी १५-२० मिनिटं व्हॅक्यूम करायला लावा. काही पोरं घाईत मशीनमधलाच गॅस सोडून पाईपमधली हवा काढतात, ते चालू देऊ नका, गॅस कमी होतो, आत ओलावा राहतो, आणि आता बहुतेक मशीनमध्ये आर-३२ गॅस आहे, तो थोडा पेट घेणारा आहे. तुमच्याकडे स्पिरिटचं पॉलिश आणि स्कूटरचं पेट्रोल दोन्ही आहे म्हणून हे मुद्दाम सांगतोय. स्कूटर बाहेर काढा. बंद शटरमध्ये ती चालू करायची नाही म्हणजे नाही, धुराने माणूस झोपेत जातो.

आउटडोअर गच्चीवर ठेवा पण पश्चिमेच्या उन्हात उघडा ठेवू नका. बॉक्सवर जी क्षमता लिहिलेली असते ती बाहेर ३५ डिग्री धरून असते, तापलेल्या गच्चीवर मशीनभोवतीची हवा त्याच्या कितीतरी वर जाते. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसला तर उत्तम. वरून छोटं छप्पर चालेल पण समोरून हवा अडवायची नाही. खाली रबरी पॅड टाका नाहीतर घरघर स्लॅबमधून खाली येईल आणि बाबांना नेमका तोच आवाज छळेल. खाली जमिनीवर आउटडोअर नको, पावसात पाणी भरतं आणि घुशी पाईपवरचं काळं इन्सुलेशन आणि वायर कुरतडतात, नेरूळला दोन ठिकाणी मी स्वतः बदललंय.

खाडीची हवा आहे त्यामुळे कॉइलवर गंजरोधक कोटिंग आहे का ते बघूनच घ्या. कॉइल तांब्याची असेल तर पुढे लीक झाली तरी ब्रेझिंग करून वाचवता येते, ॲल्युमिनियमची बहुतेक वेळा बदलावीच लागते. दर तीन-चार महिन्यांनी आउटडोअरवर साध्या पाण्याचा हलका फवारा मारा, मीठ धुऊन निघतं. जोराचा प्रेशर मारू नका, पाती वाकतात.

---

पेटीवाल्याची_लेक (नेरूळ)

सगळ्यांचे मनापासून आभार. खाडीकाठदादा, थर्मामीटर आणलं. चार दिवसांचे दुपारी ४ चे आकडे: बाहेर पॅसेजच्या सावलीत ३५ ते ३६, गॅरेजमध्ये बाबा बसतात तिथे ३८.५, ३९, ३९.५, ३८. आर्द्रता ५० च्या आसपास. आकडा बघून माझं पोट ढवळलं. इतके दिवस ते ३९ मध्ये बसत होते.

थंडगारदादा, दिवा बंद करून उभी राहिले. तुम्ही म्हणालात तसंच, वरच्या खोक्याच्या दोन्ही बाजूंनी ऊन आत येतंय आणि खाली डाव्या कोपऱ्यात दोन बोटं फट.

दोन शंका. एक, मिस्त्री म्हणतो शटरच्या आत थर्माकोलच्या शीट चिकटवून देतो, स्वस्तात होईल. करू का? दुसरी, एसीच्या कोरड्या हवेने पेट्यांचं लाकूड तडकेल अशी बाबांना भीती आहे. ते म्हणतात मी गरमीत बसेन पण लोकांच्या पेट्या खराब करणार नाही.

---

संवादिनी_साधक (डोंबिवली)

मी वाजवणारा माणूस, एसीमधलं कळत नाही, पण पेटी आणि एसी या भांडणात बरीच वर्षं काढली आहेत म्हणून लिहितो.

बाबांची भीती खोटी नाही. एसीचा झोत थेट पेटीवर पडला की लाकूड एका बाजूने सुकतं, भात्याचं चामडं कडक होतं, आणि एकदा का आतल्या पाटाला बारीक भेग गेली की सूर गळायला लागतो. पण आपल्याकडे जास्त नुकसान ओल करते. पट्ट्या फुगतात, पितळी रीडवर काळपट थर चढतो, खिळे गंजतात. त्यामुळे बेतात लावलेला एसी पेटीला बाहेरच्या हवेपेक्षा बराच. आर्द्रता ५० ते ६० मध्ये राहिली की पेटी सुखात असते.

खरी चूक वेगळीच होते. हॉलमध्ये एसी २० वर असतो, पेटी दोन तास तिथे गार होते, मग कार्यक्रम संपला की तशीच बाहेर उघड्यावर. मे महिन्यात आपल्याकडच्या हवेचा दवबिंदू २५ च्या आसपास असतो. म्हणजे त्याहून गार असलेली कुठलीही धातूची वस्तू बाहेर नेली की तिच्यावर पाणी धरतं, फ्रीजमधून काढलेल्या तांब्यावर धरतं तसंच. ते पाणी रीडवर धरतं, दिसत नाही, आणि आठ दिवसांनी सूर खरखरतो. बाबांना सांगा की एसी २६-२७ वर ठेवा. तिथे पेटी दवबिंदूच्या वर राहते आणि माणसालाही पुरेसं होतं. गिऱ्हाईक न्यायला आलं की पेटी आधी अर्धा तास झाकून, बासनात गुंडाळून दाराशी ठेवा आणि मगच द्या.

इनडोअर मशीन बाबांच्या बैठकीच्या डोक्यावर किंवा पेट्या ठेवलेल्या फळीसमोर नको. झोत वरून छताकडे सोडता येईल असं बघा.

आणि थर्माकोल अजिबात नको हो. लाखेचं पॉलिश म्हणजे स्पिरिट, त्यात सोल्डरिंग नाहीतर सरस वितळवायला शेगडी. उघडं थर्माकोल एका ठिणगीत पेटतं आणि त्याचा धूर विषारी. बाबा आत आणि आग शटरवर, बाहेर पडायचा रस्ताच बंद.

---

खाडीकाठ (वाशी)

थर्माकोलबद्दल साधकदादांशी शंभर टक्के सहमत. आतून काही करायचंच असेल तर शटरच्या मागे फूटभर सोडून ॲल्युमिनियमच्या फ्रेमचं पार्टिशन करा, त्यात दोन बाजूंनी सिमेंट बोर्ड आणि मध्ये रॉकवूल, ते जळत नाही. मध्ये एक दरवाजा, त्याला चारी बाजूंनी रबर. मग शटर आणि पार्टिशनमधली हवा तापली तरी तिथेच राहते, आणि शटरच्या फटींचा प्रश्नच मिटतो. शटर काढायचं नाही, रात्री कुलपाला ते लागेलच.

पॉलिश करताना मात्र एसी बंद, दरवाजा उघडा, पॅसेजच्या खिडकीत छोटा एक्झॉस्ट. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, तीच ती हवा फिरवतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. स्पिरिटची वाफ आणि पितळेचा कीस बाबांच्या छातीत जायला नको. लाकूड घासायचं काम पॅसेजमध्ये काढलं तर फिल्टरही जगेल. नाहीतर दर पंधरा दिवसांनी फिल्टर नळाखाली धरावा लागेल.

विजेचं कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. महावितरणच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो तो बघा. जुन्या रो-हाऊसला तो कमी असतो आणि वरती दोन एसी, गिझर असतील तर वाढवून घ्यावा लागेल, अर्ज ऑनलाईन होतो. गॅरेजच्या बोर्डला बहुतेक फक्त दिव्याची बारीक वायर आलेली असते, तिच्यावर एसी टाकू नका. मेन बोर्डपासून वेगळी ४ चौरस मिमीची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी, आणि अर्थिंग तपासून. अर्थ लीकेजवर ट्रिप होणारा ब्रेकर घरात नसेल तर तोही याच वेळी बसवा, बाबा दिवसभर फरशीवर बसून काम करतात.

स्टारबद्दल. लेबलवर वर्षाचे युनिट दिलेले असतात ते वर्षाला १६०० तास चालेल असं धरून. बाबांचा एसी रोज पाच तास, उन्हाळ्याचे चार महिने आणि ऑक्टोबर धरला तर सातशे तासांच्या आसपास. म्हणजे ३ स्टार आणि ५ स्टारची लेबलं शेजारी ठेवून जी वजाबाकी येईल तिच्यातही निम्म्याहून कमीच तुमची बचत. दुकानात पाच स्टारसाठी आठ-दहा हजार जास्त मागत असतील तर ते पैसे पार्टिशनला घाला, तिथे जास्त वसूल होतील. फक्त एक, महावितरणचे दर १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्प्याने चढतात, तुमचं बिल आत्ताच २८० च्या आसपास असेल तर एसीचा जवळपास प्रत्येक युनिट वरच्या दराने लागेल, तेवढं बिल काढून बघा.

आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, कोटेशनमध्ये तो १८ च लावलाय ना ते बघा.

---

थंडगार_ऐरोली

दादांचं वायरिंगचं बरोबर आहे. पार्टिशन होणार असेल तर मी माझा दीड टनाचा हट्ट सोडतो, एक टन इन्व्हर्टर घ्या ताई. बंद जागेत मोठं मशीन लावलं की ते दोन मिनिटांत गार करून मंद पडतं आणि हवेतला ओलावा तसाच राहतो, गार पण चिकट वाटतं. पेट्यांना ते वाईट. जूनपासून ड्राय मोडवर रोज दोन-तीन तास चालवा.

ड्रेन पाईपला पूर्ण लांबी उतार द्यायला लावा, मध्ये कुठे पोट आलं की पाणी साचून इनडोअरमधून टपकतं. तिथे खाली पेटी असेल तर बघायलाच नको. भिंतीचं भोक बुजवताना स्टीलची बारीक जाळी कोंबून मग सिमेंट लावा, घूस आणि उंदीर तिथूनच येतात.

आवाजाचं म्हणाल तर दुकानात मशीन चालू करून कळत नाही, तिथे गोंगाट असतो. माहितीपत्रकात इनडोअरचा सगळ्यात कमी वेगाचा डेसिबल बघा, ३० च्या जवळपास असला की रात्रीच्या शांततेतही झोप लागते असा.

---

पेटीवाल्याची_लेक (नेरूळ)

पाच आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा, पण सगळं करूनच लिहायचं ठरवलं होतं.

आधी गच्ची आणि शेडनेट. चुन्याचे दोन हात आईने आणि मी मिळून एका रविवारी सकाळी मारले. शेडनेट शटरपुढे बांबूच्या चौकटीवर ताणली, शटर उघडायचं असेल तर बाजूला सरकते. फक्त एवढ्यानेच दुपारी चारचा आकडा ३९ वरून ३६ वर आला. मी तीन दिवस थर्मामीटर हलवून हलवून बघत होते.

मग पार्टिशन. सिमेंट बोर्ड आणि रॉकवूल, मिस्त्रीला पटायला वेळ लागला पण बाबांनी त्याला स्पिरिटचा बोळा बाहेर अंगणात पेटवून त्याच्याच थर्माकोलचा तुकडा त्यावर धरून दाखवला. त्यानंतर त्याने एक शब्द काढला नाही. पार्टिशन झाल्यावर एसीशिवाय ३४.५. स्कूटर आता पॅसेजमध्ये असते.

एसी एक टनाचा ३ स्टार इन्व्हर्टर घेतला, तांब्याची कॉइल, कोटिंग असलेला. मशीन आणि फिटिंग बजेटमध्ये बसलं, वायरिंग आणि पार्टिशन त्यावर वेगळं झालं, ते मी या वर्षीच्या बोनसमधून घातलं. फिटिंगला दोन मुलं आली होती, व्हॅक्यूम पंप विचारला तर गाडीत आहे म्हणाली, पण आणायला निघेनात. थंडगारदादा, तुमचं वाक्य आठवून मी दारातच उभी राहिले आणि पंप आल्याशिवाय पाईप जोडू दिला नाही. २० मिनिटं घड्याळ लावून केलं. आउटडोअर टाकीच्या सावलीत, रबरी पॅडवर. खाली आवाज येत नाही.

आता दुपारी दीडला एसी २७ वर लावतो, अर्ध्या तासात जागा बसण्यासारखी होते, आर्द्रता ५५ च्या आसपास राहते. रोज दुपारी चारला बाबा स्वतःच तापमान आणि आर्द्रता त्यांच्या दुरुस्तीच्या वहीत पेटीच्या नोंदीखाली लिहितात. साधकदादा, गिऱ्हाइकाला पेटी द्यायच्या आधी अर्धा तास बासनात ठेवायचं त्यांना इतकं पटलंय की लोकांना ते आता बसवून चहा पाजतात.

घोडबंदरताई, तुमच्या सासूबाईंच्या पेटीचा भाता झालाय, कधीही या.

काल मी घरून काम करत होते. साधारण चार वाजता खाली गेले, दार ढकलायच्या आधी थांबले. आत बाबा मध्य सप्तकातल्या पंचमाचा सूर लावत होते. रीडच्या टोकाला कानस फिरवली की सूर चढतो, मुळाशी फिरवली की उतरतो, तसं एक घास टोकाला, फुंकर, पुन्हा लावून ऐकणं, पुन्हा एक घास. शेवटच्या बारीक सुरासाठी त्यांनी एसी पाच मिनिटं बंदही केला, रिमोटचा बीप ऐकू आला. पार्टिशनमुळे समोरचं ड्रिल अगदी लांब गेल्यासारखं वाटत होतं. मग दोन सूर एकदम लावले, ते एकमेकांत मिसळले, आणि बाबांनी आतूनच हाक मारली, बाहेर कशाला उभी आहेस, आत ये आणि हा पंचम ऐक.